‘सगळेच करतात’ असं हँडलर म्हणतो तेव्हा

प्रश्न कराडच्या एका तरुणाचा आहे. थोडक्यात असा: “माझा दीड वर्षाचा जर्मन शेफर्ड नर आहे, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) वंशावळीचे पेपर आहेत. सांगलीच्या शोमध्ये पहिल्यांदा उतरवला, क्लासमध्ये तिसरा आला. आता एक हँडलर (रिंगमध्ये कुत्रा फिरवून दाखवणारा) म्हणतो, पाठीवरचा काळा रंग उडालाय तो ‘टच’ करून देतो. मागचा पाय सकाळी जरा आखडतो, त्याला रिंगच्या आधी एक इंजेक्शन मारू, कुणाला कळत नाही, सगळेच करतात. यात तयारी कुठली आणि फसवणूक कुठली? आणि पहिल्या आलेल्या कुत्र्याच्या मालकाशी जज आधी हसून बोलत होते, त्याची तक्रार करता येते का?”

आधी इंजेक्शनचं बोलू. रंग आणि जज थांबू शकतात.

दीड वर्षाचा शेफर्ड सकाळी उठताना मागून आखडतो आणि चार पावलं चालला की मोकळा होतो, हे वाचल्यावर मला शो आठवतच नाही, खुबा आठवतो. हिप डिस्प्लेसियामध्ये खुब्याची वाटी उथळ राहते. मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात घट्ट बसत नाही, सैल फिरत राहतो आणि सांधा झिजत जातो. शेफर्ड, लॅब्रॅडॉर, रॉटवायलर या मोठ्या जातींत हे जास्त. पिल्लाला खाऊ घालून गुबगुबीत केलं, गुळगुळीत फरशीवर पळवलं तर दुखणं लवकर वर येतं हे खरं, पण मूळ खोट रक्तातून आलेली असते. दुसरीही शक्यता आहे. वाढीच्या वयातल्या शेफर्डना पॅनोस्टायटिस नावाचं हाडांचं दुखणं होतं. त्यात लंगडणं आज या पायात, काही दिवसांनी त्या पायात असं फिरतं, आणि बहुतेकदा वाढ पुरी झाली की आपोआप थांबतं. तुमच्या कुत्र्याला यातलं काय आहे हे हँडलरला चालीवरून कळणार नाही, मलाही कळणार नाही. एक्स-रे लागतो. तोही भूल देऊन, कुत्र्याला उताणं ठेवून, मागचे पाय सरळ ताणून आणि गुडघे आत वळवून काढलेला. कुशीवर झोपवून घाईघाईत काढलेल्या फिल्मवरून खुब्याची वाटी मापता येत नाही. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात आहे, वेळ ठरवून जा. एफसीआय या केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पद्धतीत खुब्याला ए ते ई अशा श्रेणी आहेत: ए निर्दोष, बी जवळजवळ निर्दोष, सी सौम्य, डी मध्यम, ई तीव्र. तुमच्या नराची श्रेणी कळेपर्यंत तो रिंगमध्ये नको आणि मादीवर तर मुळीच नको.

हँडलर जे ‘मारतो’ ते बहुधा मेलॉक्सिकॅमसारखं वेदनाशामक असतं. डॉक्टरने तपासून, वजन बघून दिलं तर चांगलं औषध आहे. पण उपाशी आणि पाणी कमी प्यालेल्या कुत्र्याला ते दिलं तर पोटाला आणि किडनीला त्रास होऊ शकतो. शोच्या सकाळी कुत्रा नेमका तसाच असतो, कारण गाडीत ओकू नये म्हणून आदल्या रात्रीपासून त्याला काही दिलेलं नसतं. शिवाय दुखणं दबलं तरी खुबा होता तिथेच असतो. त्याच सैल सांध्यावर आपण त्याला गोल गोल पळवतो आणि दुसऱ्या दिवशी तो जागचा उठत नाही.

इंजेक्शनचा उलटा प्रकारही चालतो. कुत्रा बुजरा किंवा चावरा असेल तर त्याला गुंगीचं औषध देऊन रिंगमध्ये आणतात, म्हणजे जजने हात लावला तरी तो गप्प उभा राहतो. एसिप्रोमाझिन दिलेल्या कुत्र्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून तिसरी पापणी अर्धवट वर आलेली दिसते. जज दात बघायला खाली वाकतो तेव्हा ती त्याच्या नाकासमोर असते. ‘कुणाला कळत नाही’ हे हँडलर स्वतःला समजावत असतो, एवढंच. आपल्याकडच्या रिंगमध्ये रक्त-लघवीची तपासणी होताना मी पाहिलेली नाही. त्यामुळे सापडायची भीती कमी आहे हे मात्र मी नाकारत नाही.

तर समजा सापडला नाहीत, कुत्रा जिंकला. पुढे काय होतं? व्हॉट्सॲपवर फोटो फिरतो, ‘सांगली शो विनर’. आठवड्यात मेटिंगसाठी फोन येतात. इस्लामपूरचा कुणीतरी, वाईचा कुणीतरी मादी घेऊन येतो. तुम्ही फी घेता किंवा एक पिल्लू घेता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वर्षभराने त्या पिल्लांपैकी दोन मागून आखडायला लागतात, आणि ज्याने कर्ज काढून पेपरवालं पिल्लू घेतलं तो डॉक्टरांचे उंबरे झिजवत बसतो. त्या माणसाने तुमचा शो पाहिलेलासुद्धा नसतो.

मी एकच कसोटी लावतो, आणि ती तुमच्या जवळपास सगळ्या प्रश्नाला पुरते. जी गोष्ट तुम्ही कुत्र्याला केली, ती मादी घेऊन आलेल्या माणसाला तोंडावर सांगू शकता का? ‘काल आंघोळ घातली, नखं काढली, ड्रायर मारला’ हे बिनदिक्कत सांगता येतं. ‘सकाळी दुखण्याचं इंजेक्शन दिलं होतं’ हे सांगितलं तर तो मादी गाडीतून खालीही उतरवणार नाही. शो मुळात असतो ब्रीडिंगसाठी कुत्रा निवडायला, कप ही त्याची पावती. ही बाजू विसरली की मग नियमपुस्तकातल्या पळवाटा शोधण्यापलीकडे काही उरत नाही.

आता रंग. सांगलीत हळदीला ड्रममध्ये पॉलिश करतात हे घेणाऱ्यालाही माहीत असतं आणि भाव त्या हिशोबाने लागतो. त्याच हळदीत मेटॅनिल येलो हा खाण्यात बंदी असलेला रंग कालवला की ती भेसळ. कुत्र्याच्या केसांचंही तसंच बघा. आंघोळ, ड्रायर, ब्रश, गळणारे केस काढून टाकणं, जातीच्या रिवाजाप्रमाणे कात्री लावणं, हे पॉलिश आहे. पुडलसारख्या जातीत कात्रीचं काम हीच अर्धी कला आहे आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालते. पांढऱ्या कुत्र्याला घासताना खडूची पूड लावतात, ती रिंगआधी झटकून काढली तर मी काही म्हणणार नाही. केसांत ठेवून रिंगमध्ये नेली तर बोट ठेवीन. रंग हा सरळ भेसळीत जातो.

रिंग स्टुअर्ड, म्हणजे रिंगमधला मदतनीस, म्हणून जजच्या शेजारी उभं राहिलं की प्रेक्षकांना न दिसणारं बरंच दिसतं. एका शोमध्ये दुपारची वेळ, ऊन रणरणतं, समोर शेफर्ड. पाठ इतकी काळी की उन्हात निळसर चमकत होती. जजबाईंनी नेहमीसारखा पाठीवरून हात फिरवला, मग परत मानेकडे उलटा, केसांच्या विरुद्ध दिशेने. वरची टोकं काळी, मुळाशी तपकिरी. त्यांनी खिशातून ओला टिश्यू काढला, दोन बोटांत धरून पाठीवर एकदा पुसला आणि न बोलता माझ्या हातात दिला. टिश्यू राखेसारखा करडा झाला होता. हँडलरला हळूच विचारलं तर म्हणाला, “मॅडम, घरच्यांनी काजळ लावलंय, दृष्ट लागू नये म्हणून.” अख्ख्या पाठीला! बाईंनी हसू दाबलं आणि कुत्र्याला रिंगबाहेर काढलं.

तुमच्या बाबतीत तर रंगाची गरजच नाही. काळे केस उन्हाने विटतात आणि कोट गळायच्या आधी लालसर दिसतात. नवा कोट येऊ द्या, दोन-तीन महिन्यांत खरा रंग कळेल. नव्या कोटातही पाठ फिकीच राहिली तर ती रंगद्रव्याची कमतरता, आणि शेफर्डमध्ये तो दोष धरतात. अडचण इथेच आहे. उन्हाने विटलेलं आणि मुळातच फिकं, दोन्ही रंगाखाली सारखंच दिसतं, म्हणून रंग लावला की जजचा निर्णय घ्यायचा मार्गच बंद होतो. आणखी एक. बाजारातल्या बऱ्याच काळ्या केशरंगात पीपीडी नावाचं रसायन असतं. माणसाच्या टाळूलाही त्याची ॲलर्जी येते, कुत्रा तर अंग चाटतो. नाकाला बूटपॉलिश लावणारे महाभागही आहेत. ते तो पाच मिनिटांत चाटून पुसून टाकतो, त्यामुळे तिथे लबाडीपेक्षा मूर्खपणाच जास्त.

तुम्ही विचारलेलं नाही, पण नर कुत्रा घेऊन शोमध्ये फिरणार असाल तर वृषणांचंही ऐकून ठेवा. एफसीआयच्या प्रत्येक जातीच्या मानकात, म्हणजे ती जात कशी असावी याच्या वर्णनात, शेवटी एक वाक्य असतं: नराची दोन्ही वृषणं नीट वाढलेली आणि पूर्ण खाली उतरलेली हवीत. पिल्लू दोनेक महिन्यांचं होईपर्यंत ती उतरतात. सहा महिन्यांनंतरही एक वर जांघेत किंवा पोटात अडकलेलं असेल तर ते उतरायची आशा फारशी नसते. हा दोष वंशात उतरतो, आणि अडकलेल्या वृषणात पुढे गाठ व्हायचा धोका जास्त असतो. म्हणून जज मागून हात घालून मोजतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, कुत्र्याला लहानपणापासून तिथे हात लावायची सवय करा. यावर लोकांनी काय काय करावं! ऑपरेशन करून अडकलेलं वृषण खाली ओढून शिवणारे आहेत. अमेरिकेत १९९५ पासून नकली वृषण विकत मिळतात. ती खस्सी केलेल्या घरगुती कुत्र्यांसाठी काढलेली, पण अशी वस्तू बाजारात आली की कुणाच्या तरी डोक्यात शो येणारच. गाठीचा धोका असताना अडकलेलं वृषण काढून टाकणं हा उपचार आहे आणि तो जरूर करावा. तो केल्यावर कुत्रा घरचा लाडका म्हणून राहतो, ब्रीडिंगला नाही.

दात बघणं सोपं. पक्के दात ४२. पुढच्या दातांची कात्री जुळते का बघायचं, आणि सुळ्यांच्या मागचे छोटे दात मोजायचे, कारण गळायचे ते तेच गळतात. ‘लहानपणी खेळताना पडला’ हे कारण प्रत्येक शोमध्ये ऐकू येतं. कधी कधी खरंही असतं. दात मुळात आलाच नव्हता की आला आणि तुटला, हे जबड्याच्या एक्स-रेत दिसतं. दातांना तार लावून ओळ सरळ करणारेही भेटतात.

वयाची लबाडी मात्र आपल्या लोकांना नीट समजते. पुसेगावच्या किंवा खरसुंडीच्या बाजारात खोंडाचं तोंड उघडून आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला हे क्षणात सांगणारी माणसं आपल्या घरात आहेत. त्यांना कुत्र्याच्या बाबतीत एकच अडचण येते. बैलाचे दात चार-पाच वर्षं हिशोब देत राहतात, कुत्र्याचे सात महिन्यांतच उरकतात. दुधाचे २८ पडतात, पक्के ४२ येतात आणि घड्याळ थांबतं. मग आठ महिन्यांचा आणि चौदा महिन्यांचा यांत दातांवरून नेमका फरक करता येत नाही. म्हणून पपी क्लासमध्ये भरलेल्या छातीचा, पोक्त चेहऱ्याचा ‘नऊ महिन्यांचा’ कुत्रा दिसला की जाणते एकमेकांकडे बघतात. पण जजच्या हातात पुरावा नसतो, कारण जन्मतारीख पेपरवर असते, आणि पेपर खोटा असेल तर सगळंच खोटं.

रिंगमधल्या या साऱ्या करामती एका बाजूला ठेवा. माझ्या मते या धंद्यातली खरी चोरी पेपरवर होते, आणि तिच्यावर आपल्याकडे सगळ्यांत कमी बोललं जातं, कारण ती शोच्या मैदानावर दिसत नाही.

कशी होते ते सांगतो. मादी माजावर आली, मालकाने नावाजलेल्या चॅम्पियनची फी भरली, पण लॉक (मेटिंगमध्ये नर-मादी जुळून अडकणं) झाला नाही किंवा झाला की नाही याची खात्री नाही. फी तर गेली. मग दोन दिवसांनी गावातल्याच दुसऱ्या नराला सोडतात. पिल्लं झाली की सगळ्यांचा बाप चॅम्पियन. यात गंमत अशी की एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात, म्हणून काही पिल्लं खरंच चॅम्पियनसारखी निघतात आणि शंका मिटते. दुसरी रीत: मादीला पिल्लं झाली पाच, नोंदवली आठ. वरची तीन नावं शिल्लक. पुढे कुठूनतरी बिनपेपरचं, दिसायला बरं पिल्लू आलं की त्याला त्यातलं एक नाव चिकटवायचं. तिसरी: पेपरवाला कुत्रा मेला की त्याचे पेपर मरत नाहीत, ते दुसऱ्या कुत्र्याच्या नावाने जगतात. ‘विथ पेपर’ आणि ‘विदाउट पेपर’ यांच्या दरात एवढा फरक असताना हे होणार नाही तर काय?

मायक्रोचिप यावरच तोडगा म्हणून आली. तांदळाच्या दाण्याएवढी चिप दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली घालतात आणि स्कॅनर फिरवला की १५ अंकी नंबर दिसतो. केसीआयच्या शोला ती लागते. तिच्यामुळे आयत्या वेळी कुत्रा बदलणं अवघड झालं, हा मोठा फायदा. पण चिपला फक्त तिचा नंबर माहीत असतो, बाप कोण ते माहीत नसतं. ज्याने खोटं वेत नोंदवलं, तो खोट्या पिल्लाला खरी चिप घालतो, आणि पुढे प्रत्येक स्कॅनर इमानदारीने तो खोटेपणा खरा म्हणून वाचून दाखवतो.

म्हणून पेपर हातात घेताना डोळे उघडे ठेवा. चिप तुमच्या समोर स्कॅन करून घ्या आणि नंबर अंक-अंक जुळवा. आई बघा, नुसता फोटो नको, तिचीही चिप वाचा. विचारल्यावर ‘आई फार्महाऊसवर आहे’ असं उत्तर आलं तर गाडी वळवा. बापाच्या मालकाला स्वतः फोन लावा आणि मेटिंगची तारीख विचारा. कुत्रीचे दिवस साधारण ६३ असतात, मेटिंगच्या तारखेपासून ५८ ते ६८ च्या आत हिशोब बसायला हवा. बसला नाही तर एकतर तारीख खोटी आहे नाहीतर बाप. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का विचारा; २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ती लागते, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. एवढं करूनही शंका राहिली तर गालाच्या आतून बोळा फिरवून डीएनए तपासणी होते. खर्च होतो, पण लाखाच्या घरातलं पिल्लू घेणाऱ्याने तिथे काटकसर का करावी मला कळत नाही. आणि ‘डबल बोन’, ‘ट्रिपल कोट’ असे शब्द जिथे ऐकाल तिथून सरळ निघा. कुठल्याही जातीच्या मानकात असं काही नाही.

कारवान या आपल्याकडच्या शिकारी कुत्र्याबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण जत, आटपाडी, माण, खटाव हा त्याचा मुलूख. सीमेपलीकडे मुधोळ. केसीआय त्याला कारवान हाउंड म्हणते, बाजारात मुधोळ नावाने भाव जास्त मिळतो. २००५ मध्ये टपाल खात्याने ज्या चार देशी जातींची तिकिटं काढली त्यांत मुधोळ होता, आणि पुढे पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये नाव घेतल्यावर तर मागणी उसळलीच. धनगरांच्या वाड्यावर पेपर नव्हते, पण कुठली मादी कुठल्या नराची हे सात पिढ्या तोंडपाठ असायचं. घोळ झाला तो शर्यतींनी. जत्रेतल्या शर्यतीसाठी ग्रेहाऊंडचं रक्त घालून वेग वाढवला, आणि तीच पिल्लं आता ‘शुद्ध कारवान’ म्हणून शोमध्ये येतात. मांडीचे गोळे फुगलेले, छाती गरजेपेक्षा खोल, पाठीला जास्त कमान. गर्दी टाळ्या वाजवते कारण कुत्रा देखणा असतो. मी शर्यतवाल्यांना नावं ठेवत नाही, संकर केला तर संकर म्हणा. पण शुद्ध म्हणून नोंदवला की त्या मुलखातली शिल्लक असलेली जात कागदावर वाढते आणि माळावर संपते. त्यातच काहीजण कंबर बारीक दिसावी म्हणून या कुत्र्यांना दोन दोन दिवस अर्धपोटी ठेवून आणतात. कारवानच्या शेवटच्या एक-दोन बरगड्या दिसाव्यात हे बरोबर, पण उपाशी कुत्र्याची मांडी सपाट पडते आणि डोळा विझतो. उपास आणि व्यायाम यांतला फरक हाताला लगेच कळतो.

आता जजकडे येऊ, कारण तुमचा खरा राग तिथे आहे असं मला वाटतं.

हा संशय शोइतकाच जुना आहे. जून १८५९ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला पहिला मोठा डॉग शो झाला, फक्त पॉइंटर आणि सेटर या दोन शिकारी जातींचा. पॉइंटरमध्ये पहिला आला तो सेटरच्या जजचा कुत्रा, आणि सेटरमध्ये पहिला आला तो पॉइंटरच्या जजचा. स्वतःच्या कुत्र्याला कुणीच नंबर दिला नाही, म्हणजे नियमाने सगळं चोख! या कारभाराला शिस्त लावायला लंडनचा केनेल क्लब १८७३ मध्ये निघाला. पण जजला माणसंच लागतात, आणि या खेळातली माणसं एकमेकांना ओळखणारच.

म्हणून जज हसून बोलले याची तक्रार होत नाही. महिन्यातून दोनदा वेगवेगळ्या गावांत तेच चेहरे भेटतात, नमस्कार-चमत्कार तर होणारच. तक्रार होते ती ठोस संबंधाची: कुत्रा जजने स्वतः विकलेला आहे, जजच्या नराचं पिल्लू आहे, जज त्याच्या मालकाकडे मुक्कामाला होते. चांगला जज असा कुत्रा समोर आला की स्वतःहून बाजूला होतो किंवा निदान आधी सांगतो. काही जज दोरीच्या वरच्या टोकाकडे बघून निकाल देतात, नावाजलेला हँडलर दिसला की अर्धं काम झालेलं असतं, हे मी बघितलंय आणि त्याला इलाज अवघड आहे. पण तुमचा कुत्रा तिसरा आला तो मागून आखडत चालत होता म्हणूनही असू शकेल. जज चाल बघायलाच बसलेला असतो. त्या दिवशीचा व्हिडिओ असेल तर आवाज बंद करून, फक्त मागचे पाय बघत, पुन्हा एकदा बघा. पहिल्या आलेल्या कुत्र्याचाही बघा.

रिंगबाहेरून शिट्टी मारणं, खेळणं हलवणं, घरच्या पोराला समोर उभं करणं, याला डबल हँडलिंग म्हणतात. बहुतेक जातींत ते चालत नाही आणि स्टुअर्डने हटकलं की थांबायचं. तुमच्या शेफर्डच्या जर्मन पद्धतीच्या शोमध्ये मात्र मालक रिंगभोवती हाका मारत पळतो, ते तिथे रूढच आहे. ते बघून ‘फसवणूक चालली आहे’ म्हणून ओरडू नका.

शेफर्डवरूनच आठवलं. २०१६ मध्ये क्रफ्ट्स या इंग्लंडमधल्या मोठ्या शोमध्ये जातीतली सर्वोत्तम ठरलेली एक शेफर्ड मादी इतक्या उतरत्या पाठीची आणि मागून इतकी बसकी होती की जगभर बोंब झाली. त्याआधी २०१२ मध्ये तिथे आरोग्याच्या दृष्टीने धोक्याच्या मानलेल्या पंधरा जातींच्या विजेत्यांना डॉक्टरी तपासणी लावली, तेव्हा बुलडॉग, पेकिनीजसह सहा जातींचे विजेते नापास झाले. त्यांच्या मालकांनी कुठलाही नियम मोडला नव्हता, जजने बक्षीस देऊन तेच निवडलं होतं. माझ्या कसोटीवर हे रंग लावण्यापेक्षा वाईट ठरतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात चपट्या तोंडाच्या पगला धापा टाकताना बघून ‘पंच फेस आहे’ म्हणून कौतुक करणाऱ्यांनी यावर जरूर रागवावं.

कुत्र्याला विष घातलं, या अफवा प्रत्येक मोठ्या शोनंतर उठतात. २०१५ मध्ये क्रफ्ट्सहून बेल्जियमला परतलेला आयरिश सेटर दगावला, त्याच्या पोटात विषारी मांस सापडलं, आणि जगभर ‘शोमध्ये विष घातलं’ असं पसरलं. तपासाअंती केनेल क्लबचा निष्कर्ष निघाला की विष बेल्जियममध्येच पोटात गेलं असावं. आपल्याकडे शोच्या दिवशी कुत्री दगावतात ती मुख्यतः बंद गाडीतल्या उन्हाने, आणि पिल्लं दगावतात पार्व्हो या विषाणूच्या संसर्गाने. पाणी स्वतःचं न्या, गाडीत एकटा सोडू नका. लसीच्या कार्डावर खोटे शिक्के मारून आणणारे असतात. त्यांच्याशी मैत्री असली तरी सोडा, कारण तिथे खेळ दुसऱ्याच्या पिल्लाच्या जिवाशी आणि रेबीजशी आहे.

तक्रार करायचीच झाली तर ती त्याच दिवशी, मैदान सोडायच्या आधी, शो सेक्रेटरीकडे लेखी द्या. कॅटलॉग नंबर, क्लास, वेळ आणि तुम्ही स्वतः काय पाहिलं ते लिहा. ऐकीव काही घालू नका. किती वाजता, कुठे, कुणी इंजेक्शन दिलं हे लिहिता आलं तर कागदाला वजन आहे. ‘सगळ्यांना माहीत आहे’ याला काही वजन नाही. पोच घ्या. तक्रारीसाठी अनामत मागितली तर भरा आणि पावती सांभाळा. फेसबुकवर नाव घेऊन लिहू नका, बदनामीची नोटीस तुमच्याच घरी येईल आणि मूळ मुद्दा बाजूला पडेल. हे झालं क्लबच्या, केसीआयच्या नियमाखालच्या शोचं. ‘साहेबांच्या वाढदिवसानिमित्त भव्य डॉग शो’ असा फ्लेक्स लागलेला असेल तर तिथे ना मानक, ना कॅटलॉग. शेफर्डशेजारी पामेरियन उभा असतो आणि ढाल कुणाला द्यायची ते फोटो काढायच्या वेळी ठरतं. तिथे जा, पोरांना घेऊन जा, वडापाव खा, कुत्र्याला गर्दीची सवय होईल. तक्रार मात्र लिहू नका, घ्यायला टेबलावर कुणी नसतं.

हँडलरला काय सांगायचं तेही सांगतो, कारण कराड-सांगली पट्ट्यात हँडलर मोजकेच आहेत आणि संबंध तोडून चालत नाही. त्याला म्हणा, डॉक्टरांनी खुब्याचा एक्स-रे सांगितलाय, रिपोर्ट येईपर्यंत एंट्री भरणार नाही. चांगला असेल तर ‘बरं केलंत’ म्हणेल. ‘एक्स-रे कशाला, मी आहे ना’ म्हणाला तर त्याच्या हातात यापुढे दोरी देऊ नका, आणि त्याच्याकडे कुणाची कुत्री मेटिंगला असतात ते जरा विचारून ठेवा.